हातगाडी ट्रेकला मूल पाठवताना : यूटातील नव्या मराठी कुटुंबांसाठी

यूटामध्ये येऊन एक-दोन वर्षे झाली आणि घरातले मूल आठवी-नववीत गेले, की एखाद्या वसंतात शेजारच्या घरातून निमंत्रण येते. आमच्या वॉर्डातील मुले उन्हाळ्यात हातगाडी ट्रेकला निघाली आहेत, तुमच्या मुलीने आमच्या मुलीबरोबर यावे असे आम्हांला फार वाटते, असे ते निमंत्रण असते. ट्रेक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजगड, हरिश्चंद्रगड, पाठीवरची सॅक आणि पावसाळी ढग येतात. हा ट्रेक तसा नाही. जुन्या पद्धतीचे कपडे घालून, लाकडी हातगाडीत सामान भरून, ती आळीपाळीने ओढत-ढकलत तीन दिवस उन्हाधुळीतून चालायचे आणि रात्री तंबूत झोपायचे, असा हा प्रकार आहे. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे बोलीभाषेतले मॉर्मन, आपल्या पूर्वजांच्या प्रवासाची आठवण म्हणून आपल्या किशोरवयीन मुलांसाठी तो ठेवतात. अनेक ठिकाणी तो दर चार वर्षांनी येतो, त्यामुळे चौदा ते अठरा या वयात प्रत्येक मुलाला तो साधारणपणे एकदा मिळतो.

आमची थोरली मुलगी असाच शेजारच्या मैत्रिणीबरोबर जाऊन आली. तयारीत आम्ही काही गोष्टी नीट केल्या आणि एक गोष्ट साफ चुकलो. माझे ठाम मत झाले आहे, की हा आठवडा मुलाच्या लक्षात कष्टाचा म्हणून राहणार की नुसत्या त्रासाचा म्हणून, हे निघण्यापूर्वीच्या सहा आठवड्यांत ठरते. म्हणून ज्या क्रमाने तयारी करावी लागते, त्याच क्रमाने हे लिहीत आहे.

पहिले काम : निमंत्रण नीट समजून घेणे

या चर्चच्या स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात, तिच्या प्रमुखाला बिशप म्हणतात आणि असे काही वॉर्ड मिळून एक स्टेक होतो. ट्रेक बहुधा स्टेकच्या पातळीवर आखला जातो, म्हणजे एका वेळी शंभर-दोनशे किंवा त्याहून अधिक मुले निघतात. मुलांचे आठ-दहा जणांचे गट पाडतात, त्या गटांना कुटुंब म्हणतात आणि प्रत्येक गटाबरोबर मा आणि पा म्हणून एक विवाहित जोडपे असते. आपल्या मुलीला तिच्या मैत्रिणीच्याच गटात ठेवतील असे गृहीत धरू नये, कारण ओळखीच्या मुलांना मुद्दाम वेगळे करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मूल बुजरे असेल तर हे आधीच विचारून घ्यावे.

बिशपना किंवा आयोजकांना भेटून चार प्रश्न सरळ विचारावेत. ट्रेक कोठे आहे आणि रोज किती मैल चालायचे आहे? बरोबर डॉक्टर किंवा परिचारिका कोण आहे आणि फोनची रेंज नसेल तर मदत कशी बोलावली जाते? शाकाहारी मुलाच्या जेवणाची व्यवस्था काय आहे? कार्यक्रमात धार्मिक भाग किती आहे आणि त्यात पाहुण्या मुलाकडून काय अपेक्षा आहे? या प्रश्नांनी कोणी दुखावत नाही. उलट, पालकाने मन लावून चौकशी केली की आयोजक त्या मुलाकडे अधिक लक्ष देतात, असा आमचा अनुभव आहे. संमतीपत्र आणि वैद्यकीय माहितीचा अर्ज घरी आणून सावकाश वाचावा आणि त्यात दमा, ॲलर्जी, नेहमीची औषधे, पूर्वीचे दुखणे, काहीही झाकून ठेवू नये. आपल्याकडे मुलीच्या आजाराविषयी चारचौघांत न बोलण्याची सवय असते. ती येथे उपयोगाची नाही.

धर्माविषयी घरात आधी बोलावे. जेवणापूर्वी प्रार्थना होते, संध्याकाळी भजने होतात आणि एका रात्री मुले व मोठी माणसे उभी राहून आपल्या श्रद्धेविषयी बोलतात, बोलताना काही जण रडतातही. हे सारे आपल्या मुलाला ठाऊक असावे म्हणजे ते गोंधळत नाही. शांत बसणे, डोके झुकवणे आणि बोलायचे नसेल तर न बोलणे, एवढे पुरते. एखाद्याच्या घरच्या आरतीला आपण उभे राहतो तसेच हे आहे. मुलाने जाऊ नये असे तुम्हांला वाटत असेल तर तसे मोकळेपणाने कळवावे. शेवटच्या दिवशी पोट दुखल्याचे निमित्त करू नये.

दुसरे काम : कोणाच्या वाटेने चालायचे आहे ते सांगणे

बूट आणि सामान भरायची बादली खरेदी करण्याआधी हे काम करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण कशासाठी चालायचे हे ज्या मुलाला ठाऊक नसते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळते.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यू यॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली आणि १८४६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या अनुयायांनी नॉवू हे आपले शहर सोडायला सुरुवात केली. ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली ते २४ जुलै १८४७ रोजी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले, म्हणून यूटामध्ये २४ जुलैला पायोनियर डेची सुट्टी असते. पुढे युरोपातून, विशेषतः ब्रिटनमधून आणि डेन्मार्कमधून, हजारो गरीब अनुयायी येऊ लागले. बैल आणि गाड्या विकत घेणे त्यांना परवडत नव्हते आणि पंथाचा प्रवास निधीही अपुरा पडू लागला, तेव्हा लोकांनी हातगाड्या ओढत यावे असे ठरले. १८५६ ते १८६० या काळात अशा दहा तुकड्यांतून सुमारे तीन हजार माणसे आली. पहिल्या तुकड्या आयोवा सिटीपर्यंत रेल्वेने आल्या आणि तेथून सुमारे १,३०० मैल पायी चालल्या.

पाच माणसांमागे एक गाडी आणि वीस माणसांमागे एक तंबू असा हिशेब होता. प्रौढ माणसाला अंथरूण-कपड्यांसह १७ पौंड सामान नेता येई, म्हणजे पावणेआठ किलोंच्या आसपास. आम्ही एका रविवारी हा प्रयोग घरी केला. आपण सगळे या देशात तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा घेऊन उतरलो, कुकर आणि मसाल्यांचे डबे कपड्यांत गुंडाळून आणले आणि विमानतळावर एक किलो जास्त भरला म्हणून जमिनीवर बसून बॅगा पुन्हा लावल्या. तोच वजनकाटा काढून मुलींना सांगितले, की आता १७ पौंडांत काय न्याल ते ठेवा. पांघरूण, एक जोड कपडे, स्वेटर, बूट, ताटली आणि पेला एवढ्यातच काटा १५ वर गेला. धाकटीने आपला चित्रांचा डबा दोनदा ठेवला आणि दोनदा काढला. इतिहासाचे पुस्तक वाचून जे झाले नसते ते त्या अर्ध्या तासात झाले.

दहापैकी आठ तुकड्या फार मोठे संकट न येता पोचल्या, हे मुलांना आवर्जून सांगावे, नाहीतर सगळाच प्रवास मृत्यूचा होता अशी समजूत होते. जेम्स विली आणि एडवर्ड मार्टिन यांच्या तुकड्यांवर मात्र घाला आला. जहाजे उशिरा निघाली, आयोवा सिटीला गाड्या तयार नव्हत्या, ज्या घाईने केल्या त्यांचे लाकूड नीट वाळलेले नव्हते आणि कोरड्या हवेत ते आकसून चाके खिळखिळी झाली. विलींची तुकडी १५ जुलै १८५६ रोजी आणि मार्टिन यांची २८ जुलैला आयोवा सिटीहून निघाली. नेब्रास्कातील फ्लोरेन्सला पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला होता. तेथे लीव्हाय सॅव्हेज या माणसाने, जो थोड्याच काळापूर्वी ब्रह्मदेशात धर्मप्रचार करून परतला होता, लोकांना सांगितले की आता निघू नका, वाटेत थंडी गाठेल आणि म्हातारीकोतारी मरतील. लोकांनी निघायचेच ठरवल्यावर तोही त्यांच्याबरोबर निघाला आणि शेवटपर्यंत राबला. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा माणूस तोच आहे. १९ ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये बर्फाचे वादळ आले. ब्रिगम यंग यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मदतीची हाक दिली होती आणि पिठाच्या गाड्या सॉल्ट लेकहून निघाल्या होत्या, म्हणूनच उरलेले वाचले. विलींची तुकडी ९ नोव्हेंबरला पोचली, मार्टिन यांची ३० नोव्हेंबरला. दोन्ही मिळून सुमारे एक हजार माणसांपैकी दोनशेहून अधिक वाटेत गेली.

मराठी वाचकाला थांबायला लावील असे एक नाव विलींच्या तुकडीत आहे. एलिझाबेथ झेवियर टेट ही मुंबईत जन्मलेली स्त्री होती. १८५० च्या दशकात या पंथाचे प्रचारक मुंबई-पुण्यापर्यंत पोचले होते. तिचा नवरा विल्यम आधीच यूटाला आलेला होता आणि ती त्याच्याकडे निघाली होती. ती पोचली आणि दोघांनी दक्षिण यूटातील सीडर सिटीत संसार केला. ट्रेकवर अनेकदा प्रत्येक मुलाला त्या काळच्या एका खऱ्या प्रवाशाचे नाव देतात आणि ते मूल त्या नावाची चिठ्ठी जवळ बाळगून चालते. आमच्या मुलीने हे नाव मागून घेतले आणि आयोजकांनी ते आनंदाने दिले. तुमच्या मुलालाही कोणाचे नाव हवे असेल तर आधी कळवावे.

तिसरे काम : पाय

आमची चूक येथे झाली. ट्रेकच्या आठ दिवस आधी आम्ही मुलीला नवे, चांगले, महाग बूट घेतले आणि दोन दिवस घरात घालून ते बसले असे समजलो. पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तिच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला. तिने तो कोणाला सांगितला नाही, कारण सगळे चालत होते. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा फोड फुटून त्यात धूळ गेली होती आणि कातडी मोज्याला चिकटून निघाली. तिच्या गटाच्या मांनी पाय मांडीवर घेऊन बाटलीतल्या पाण्याने तो धुतला, मलम लावले आणि पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ती जुन्या जोडीवर चालली. जुनी जोडी बादलीत टाकण्याचे आजीने सुचवले होते, मी नव्हे.

म्हणून बूट कमीतकमी सहा आठवडे आधी घ्यावेत आणि त्यांवर चालायला लावावे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन मैल, नंतरचे दोन आठवडे चार मैलांपर्यंत, आणि शेवटच्या दोन शनिवारी उन्हात, ट्रेकचेच मोजे आणि कपडे घालून, सहा मैल. बोटांपुढे अर्धा अंगठा जागा असावी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो. आत पातळ मोजा आणि वर लोकरीचा मोजा घातला की घर्षण दोन मोज्यांमध्ये होते, कातडीवर होत नाही. नखे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापावीत. त्याच दिवशी कापली तर कडा टोचतात. टाचेला किंवा बोटाला नुसते चुरचुरू लागले, की तेथेच थांबून मोलस्किन नावाची मऊ चिकट पट्टी लावायची. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल या संकोचाने मुले गप्प राहतात. पाय चुरचुरतो हे सांगणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, ते गटाचे काम आहे, हे मुलाच्या मनावर निघण्याआधी चार वेळा बिंबवावे.

गाडी ओढण्यासाठी हात, खांदे आणि कंबर लागते. अंगणातल्या एकचाकी ढकलगाडीत वाळूची दोन पोती टाकून चढावर नेण्याचा सराव चांगला.

चौथे काम : कपडे आणि बादली

मुलींनी लांब घेराचा परकर आणि लांब बाह्यांचा सुती ब्लाउज किंवा शर्ट, मुलांनी सैल सुती पँट, लांब बाह्यांचा शर्ट आणि पट्टे, आणि सर्वांनी रुंद काठाची टोपी किंवा बॉनेट, असा वेश बहुतेक ठिकाणी असतो. नेमके नियम आयोजकांना विचारावेत, कारण कोठे जीन्स चालते, कोठे चालत नाही. दुकानातले तयार कपडे महाग असतात आणि नायलॉनचे असतील तर उन्हात अंग उकडते. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. तिने जुन्या सुती चादरीचा नाडीचा परकर दोन दुपारांत शिवला आणि खाली चार बोटांची दुमड आत घालून ठेवली. परकराचा काठ घोट्याच्या वरच असावा, याकडे नीट लक्ष द्यावे. जमिनीपर्यंत लोळणारा काठ चढावर पायात येतो आणि चाकाच्या आऱ्यांत अडकतो. आत गुडघ्यापर्यंतची चड्डी घालावी, नाहीतर घामाने मांड्या घासून सोलवटतात. थोडे व्हॅसलीनही लावून ठेवावे.

सामान पाच गॅलनच्या, झाकण असलेल्या प्लास्टिकच्या बादलीत भरायला सांगतात. हीच बादली तंबूपाशी बसण्याचे स्टूल होते. तिच्यावर नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण दोनशे बादल्या एकसारख्या दिसतात. स्लीपिंग बॅग वेगळी, जाड काळ्या पिशवीत दोन वेळा गुंडाळून बांधावी. ट्रेक शेजारच्या वायोमिंग राज्यात असेल, तर तेथे जुलैतही दिवसा कडक ऊन आणि रात्री स्वेटर घालावा लागेल अशी थंडी असते, दुपारी विजांसह पाऊस येऊ शकतो आणि नदीकाठी डास भरपूर असतात. म्हणून सुती कपड्यांच्या जोडीला लोकरीचा किंवा फ्लीसचा एक जाड कपडा, पावसाचा कोट, कानटोपी, डासांचे मलम, सनस्क्रीन, ओठांचे मलम आणि मानेला बांधायला मोठा रुमाल हवाच. हा रुमाल पाण्यात भिजवून मानेवर ठेवला की गारवा येतो आणि धूळ उडाली की नाकावर बांधता येतो. टॉर्च लागतो. फोन न्यायचा नसतो.

मुलीची पाळी त्या दिवसांत येणार नसली तरी तिचे साहित्य बंद पिशवीत द्यावे, वापरलेले ठेवायला वेगळी पिशवीही द्यावी आणि कोणाला सांगायचे ते ठरवून द्यावे. प्रवास, ऊन आणि श्रम यांमुळे पाळी मागे-पुढे होते. फिरती स्वच्छतागृहे बहुधा असतात, पण चालताना ती जवळ असतीलच असे नाही.

पाचवे काम : खाणे आणि पाणी

ट्रेकच्या स्वयंपाकात मांसाचा रस्सा, पाव, बटाटे आणि सकाळी पॅनकेक हे पदार्थ ठरलेले असतात. शाकाहारी मुलाला आयोजक काही ना काही देतात, पण नुसता पाव आणि सफरचंद खाऊन गाडी ओढता येत नाही. प्रवासासाठी आपल्याकडे सोय आधीच आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दीड-दोन दिवस चांगल्या राहतात. त्यानंतर शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळपापडी आणि भाजलेले चणे चालतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल गटात असेल तर शेंगदाण्याचे काहीही देऊ नये, हे मात्र आधी विचारावे. डबा आयोजकांच्या परवानगीने आणि सर्वांना पुरेल एवढा द्यावा. आमच्या मुलीच्या गटात राजगिऱ्याचे लाडू पहिल्याच रात्री संपले.

एक गोष्ट आपल्या घरांत सहज विसरली जाते. या चर्चमध्ये चहा आणि कॉफी वर्ज्य आहेत, त्यामुळे ट्रेकवर ती मिळत नाहीत. रोज सकाळी दोन कप चहा घेणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचे पहिल्याच दुपारी डोके ठणकू लागते आणि ऊन लागले असे सगळ्यांना वाटते. दहा-बारा दिवस आधीपासून चहा कमी करत न्यावा.

पाण्याविषयी सर्वांत अधिक लिहायला हवे. वायोमिंगमधील ट्रेकची ठिकाणे समुद्रसपाटीपासून सहा हजार फूट किंवा त्याहून उंच आहेत आणि हवा इतकी कोरडी असते, की घाम अंगावर दिसतच नाही, तो येता येताच उडून जातो. कोकणात किंवा पुण्यात वाढलेल्या आपल्याला घाम निथळला की पाणी प्यायचे कळते. येथे ती खूण मिळत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यायचे, असा नियमच लावून द्यावा. नुसते पाणी भरमसाट पिऊनही त्रास होतो, कारण घामावाटे मीठ जाते. दिवसातून दोन-तीन वेळा ओआरएसचे पाकीट किंवा लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी प्यावे आणि त्याच्याबरोबर खारे काहीतरी खावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे हे मुलाला सांगून ठेवावे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत गोळे, ही उन्हाच्या थकव्याची लक्षणे आहेत. तेव्हा लगेच सावलीत बसवून अंग ओले करायचे आणि मोठ्यांना सांगायचे. जे मूल असंबद्ध बोलू लागेल, अडखळू लागेल किंवा शुद्ध हरपू लागेल, त्याला तत्काळ वैद्यकीय मदत हवी. त्याच्या कपड्यांवर भराभर पाणी ओतून वारा घालत मदत बोलवायची. हे आपल्या मुलाने दुसऱ्यासाठीही ओळखायला शिकावे.

सहावे काम : गाडी कशी असते ते समजून घेणे

बैलगाडी पाहिलेल्या माणसाला हातगाडी पाहताक्षणी कळते. दोन मोठी चाके, मध्ये कणा, वर उथळ लाकडी खोका आणि पुढे दोन दांड्यांना जोडणारा आडवा दांडा. दोन-तीन जण आडव्या दांड्याच्या आत उभे राहून छातीने आणि हातांनी तो पुढे रेटतात, बाकीचे मागून ढकलतात. त्या काळच्या अनेक गाड्यांचे कणे लाकडाचेच होते, वाळूने ते झिजत आणि वंगण म्हणून लोक आपल्या वाट्याचे डुकराचे मांस आणि साबण लावत. आजच्या गाड्यांना लोखंडी कणा असतो आणि त्या कुरकुरत नाहीत.

सामान भरताना जड बादल्या कण्याच्या बरोबर वर ठेवाव्या लागतात. पुढे वजन गेले तर दांडा हातांवर येतो, मागे गेले तर तो आभाळाकडे उचलतो. चढावर मागच्यांनी खोक्याला खांदा लावायचा, चाकाच्या आऱ्यांना कधीही हात घालायचा नाही. खरा धोका उतारावर असतो. गाडी पळू लागते आणि पुढची मुले तिच्या आणि जमिनीच्या मध्ये सापडू शकतात. म्हणून उताराला मागे दोर बांधून चार जणांनी मागे रेलायचे, पुढच्या गाडीत आणि आपल्या गाडीत बरेच अंतर ठेवायचे आणि गाडी हातातून सुटलीच तर तिला धरायला न जाता बाजूला व्हायचे. गाडीत कोणी बसायचे नाही, गंमत म्हणूनही नाही.

दुसऱ्या दिवशी बहुधा एक चढ असा येतो, जेथे मुलांना बाजूला काढतात आणि मुली एकट्या गाड्या वर नेतात. पुरुष सैन्यात गेल्यावर बायकांना एकटीने चालावे लागले, असे याचे कारण सांगताना मॉर्मन बटालियनचे नाव घेतले जाते. ती सुमारे ५०० पुरुषांची फलटण १८४६ साली निघाली होती, हातगाड्यांच्या दहा वर्षे आधी, हे मुलांना ठाऊक असावे. तरी त्या चढाचा अर्थ कमी होत नाही, कारण हातगाड्यांच्या तुकड्यांतही विधवा आणि एकट्या बायका गाड्या ओढतच होत्या. वायोमिंगमधील स्वीटवॉटर नदीच्या काठी तीन तरुणांनी मार्टिन यांच्या तुकडीतील अनेकांना गार पाण्यातून पलीकडे उचलून नेल्याची कथाही तेथे ऐकायला मिळते. त्या श्रमांनी ते तिघेही मेले असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. नंतरच्या संशोधनात मदत करणारे तिघांहून अधिक होते आणि त्यांचे मृत्यू तसे घडले नव्हते असे दिसून आले. माझ्या मुलीला हा बदल कळल्यावर ती कथा अधिक आवडली.

घरच्यांचा आठवडा

मुले पहाटे चर्चच्या वाहनतळावरून बसने निघतात. वायोमिंगमधील मार्टिन्स कोव्ह, म्हणजे मार्टिन यांच्या तुकडीने वादळात आसरा घेतला ती जागा, येथे सॉल्ट लेकहून जायला पाच-सहा तास लागतात. पालकांनी मागोमाग जाऊ नये. तीन दिवस निरोप न मिळणे आपल्यालाच जड जाते, विशेषतः आजी-आजोबांना. आईने पहिल्या रात्री तीनदा विचारले, की पोर जेवली असेल का. मी तिला पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीची आठवण करून दिली. तीही माणसे घरी रोज कळवत नसत, पण दिंडीत विणेकरी असतो, तंबू असतो, जेवणाचा हिशेब असतो आणि कोणी मागे राहिले तर हाक मारणारे असतात. वारी ही दरवर्षी चालत आलेली आहे आणि हा ट्रेक एकदाच घडलेल्या गोष्टीची आठवण आहे, एवढा फरक तिनेच काढून दाखवला.

धाकट्यांना घेऊन त्या दिवसांत सॉल्ट लेकमधील धिस इज द प्लेस हेरिटेज पार्क पाहावे. एमिग्रेशन कॅन्यनच्या मुखाशी ते आहे आणि जुनी घरे, लोहारकाम, बैल असे बरेच काही तेथे दिसते. सगळ्या कुटुंबाला वायोमिंगलाच जायचे असेल तर ते ट्रेकपासून वेगळे, दुसऱ्या एखाद्या आठवड्यात करावे. मार्टिन्स कोव्हला चर्चचे स्वयंसेवक असतात आणि सर्वसामान्य पाहुण्यांनाही हातगाडी ओढून पाहता येते. जवळच इंडिपेंडन्स रॉक हा सुमारे १३० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा खडक आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्या लोकांनी त्यावर आपली नावे कोरून ठेवली आहेत आणि ४ जुलैपर्यंत येथे पोचलो तर हिवाळ्याआधी डोंगर ओलांडता येतील असा त्यांचा हिशेब असे. त्या हिशेबाने पाहिले तर विलींची तुकडी त्या दिवशी आयोवा सिटीहूनसुद्धा निघालेली नव्हती. धाकटीने हे स्वतःच मोजून काढले. या प्रदेशात त्याआधीपासून शोशोनी आणि अरापाहो लोक राहत आले आहेत आणि पश्चिमेला विंड रिव्हर हा त्यांचा राखीव प्रदेश आहे, हेही मुलांना सांगावे.

मूल परत आल्यावर

परतीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नये. येलोस्टोनचे आरक्षण त्याच शनिवारी करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मूल सोळा तास झोपते, त्याला वरण-भात लागतो आणि ते एकदम बोलत नाही. पाय कोमट पाण्यात ठेवून फोड तपासावेत. लाल रेघ वर चढताना दिसली, सूज वाढली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का ते पाहावे. कपडे धुण्यापूर्वी अंगणात झटकावेत, त्यांतून पसाभर माती निघते. मा आणि पा यांना मुलाच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी जावी.

आमच्या मुलीने तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना, कोणी विचारले नसताना, त्या चढाविषयी सांगितले. दांड्याला लावलेले हात घसरत होते, पुढे काही दिसत नव्हते, फक्त समोरच्या मुलीच्या परकराचा काठ आणि त्यावरची धूळ दिसत होती, आणि मागून कोणीतरी ढकलत होते ते कोण हे तिला वर पोचेपर्यंत कळले नाही.

बादली धुऊन, वाळवून गॅरेजमध्ये ठेवावी. आत टोपी, मोठा रुमाल, उरलेली मोलस्किनची पट्टी आणि काय कमी पडले त्याची यादी ठेवावी. ती यादी मुलाने लिहिलेली असावी, आपण नव्हे. आमच्या यादीत पहिल्या ओळीत जुने बूट आहेत आणि दुसऱ्या ओळीत लाडू दुप्पट. परकरही त्याच बादलीत आहे. पुढच्या ट्रेकला धाकटी चौदाची होईल आणि ती आताच थोरलीपेक्षा उंच होणार असे दिसते, तेव्हा खालची चार बोटांची दुमड उसवावी लागेल.